पिलांची ऊब : गॅसचा ब्रूडर आणि शेणाची टाकी

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टी हे तहसिलीचे गाव इतिहासाच्या दफ्तरात दोन कारणांनी नोंदले गेले आहे. मोगल अमदानीत या मुलखाची जहागीर सांभाळणाऱ्या मोहम्मदखान नियाझी या सरदाराचा मकबरा येथे आहे. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये येथील पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या लोकांनी जे प्राणार्पण केले, त्यामुळे या गावाच्या नावाला ‘शहीद’ ही उपाधी कायमची जडली. या दोन्ही गोष्टींहून जुनी आणि आजही जिवंत असलेली अशी या भूमीची तिसरी ओळख म्हणजे येथील गोधन. आष्टी, आर्वी आणि कारंजा या तहसिलींच्या माळरानांवर नंदगवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली पांढरीशुभ्र, सडपातळ आणि चालीला तरतरीत अशी गवळाऊ गाय हे या प्रदेशाचे खरे वैभव असून, तिच्या संवर्धनासाठी कारंजा तहसिलीत हेटीकुंडी येथे सरकारी प्रक्षेत्रही चालविले जाते. प्रस्तुत प्रकरणाचा विषय पशुपक्ष्यांच्या निवाऱ्यात गॅसच्या साहाय्याने ऊब निर्माण करण्याची विद्या हा आहे, आणि गवळाऊचा उल्लेख आरंभीच करण्याचे प्रयोजन असे की, ही विद्या आष्टीच्या भूमीत रुजवायची झाल्यास तिचे एक टोक कोंबडीच्या पिलाकडे आणि दुसरे टोक या गाईच्या शेणाकडे जाऊन पोहोचते.

विदर्भातील माणसाला धास्ती असते ती उन्हाळ्याची. पारा पंचेचाळीस अंश सेल्सियसच्या वर चढतो तेव्हा कूलर, पाणी, सावली यांची तजवीज तो महिना-दीड महिना आधीपासून करू लागतो. थंडी मात्र त्याला पाहुण्यासारखी सुखावह वाटते आणि म्हणूनच तिच्या बंदोबस्ताची हयगय होते. वस्तुतः सातपुड्यावरून उतरणारे उत्तरेचे कोरडे वारे डिसेंबर-जानेवारीत या भागाला चांगलेच झोंबतात. नागपूरच्या वेधशाळेत २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले, यावरून या थंडीची कल्पना यावी. तिचा खरा धोका केवळ या नीचांकात नसून दिवस आणि रात्र यांच्यातील तफावतीत आहे. दुपारी सदरा नकोसा व्हावा इतके ऊन आणि पहाटे घोंगडीत शिरूनही हुडहुडी भरावी इतका गारठा, असा पंधरा-अठरा अंशांचा फरक येथे एकाच दिवसात पडतो, आणि ज्या जिवाला स्वतःच्या देहाचे तापमान सांभाळता येत नाही त्याला हा चढउतार सततच्या थंडीपेक्षाही अधिक जाचतो.

असा जीव कोणता, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. कारण निवारा तापविण्याच्या कल्पनेत उतावळेपणाने शिरणारा मनुष्य सरसकट सर्व जनावरांना ऊब देऊ पाहतो आणि त्यात पैसा व आरोग्य दोन्ही गमावतो. प्रौढ गाईला आष्टीच्या थंडीत बाहेरून उष्णता देण्याची तिळमात्र गरज नाही. तिच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात चाऱ्याचे जे अखंड किण्वन चाललेले असते, त्यातून आणि देहाच्या इतर व्यापारातून अर्ध्या किलोवॅटहून अधिक उष्णता अहोरात्र बाहेर पडत असते; तिला हवा असतो तो कोरडा पायथळ, अंगावर थेट न येणारा वारा आणि रात्रीसाठी पोटभर कडबा. वासराची व करडाची गोष्ट थोडी निराळी असली, तरी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत मिळालेला चीक, अंग पुसून कोरडे करणे आणि खाली कुटाराचा जाड थर एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. कोंबडीच्या पिलाचे मात्र तसे नाही. एकवीस दिवसांच्या उबवणीनंतर कवच फोडून बाहेर आलेल्या त्या चाळीसेक ग्रॅमच्या जिवाच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. देहाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग फार मोठा असतो. आणि स्वतःचे तापमान स्थिर राखण्याची यंत्रणा त्याच्या शरीरात दोन-तीन आठवडे पक्वच झालेली नसते. पोटात राहिलेला बलक त्याला दोन-तीन दिवस अन्न पुरवितो खरा, पण थंडीने काकडलेले पिलू तो बलकही धडपणे जिरवू शकत नाही, आणि आठवड्याच्या आत होणारी बरीचशी मर याच कारणाने होते.

खुडूक बसलेली गावरान कोंबडी ही सारी जबाबदारी आपल्या पंखांखाली घेते. तिच्या पोटाखालची पिसे गळून उघडी पडलेली उष्ण त्वचा अंड्यांना आणि पुढे पिलांना ऊब पुरविते, आणि दहा-बारा पिलांच्या त्या लेंढाराला भूक लागली की बाहेर व गारठा लागला की आत अशी स्वेच्छेने ये-जा करता येते. मानवाने या मातेची जागा घेण्याचे प्रयत्न फार प्राचीन काळापासून केले आहेत. ईजिप्तमधील शेतकरी शेण व पेंढा जाळून तापविलेल्या मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवीत असत. त्या भट्ट्यांच्या वृत्तांतावरून स्फूर्ती घेऊन रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास अंडी उबविण्याचे आणि पिलांना कृत्रिम ऊब देण्याचे प्रयोग केले व त्यांवर १७४९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. उबवणीचे तंत्र त्यानंतर झपाट्याने सुधारले. पण अंड्यातून एकाच दिवशी निघालेल्या हजारो अनाथ पिलांना सांभाळायचे कसे, हा प्रश्न त्या सुधारणेनेच अधिक तीव्र केला, आणि त्याचे उत्तर म्हणून प्रथम कोळशाच्या, मग तेलाच्या, विजेच्या आणि गॅसच्या ब्रूडरांचा जन्म झाला.

आज विदर्भातील शेडमध्ये एकदिवसीय पिले खोक्यांतून येऊन दाखल होतात, तेव्हा त्यांच्यासाठी पत्र्याचे वा पुठ्ठ्याचे सुमारे दीड फूट उंचीचे गोल कुंपण, ज्याला सर्वजण चिक गार्ड म्हणतात, घातलेले असते; खाली दोन-तीन इंच धानाच्या तुसाचे लिटर पसरलेले असते; आणि मध्यभागी ब्रूडर टांगलेला असतो. पहिल्या आठवड्यात पिलाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवीत २१ अंशांपर्यंत आणावे, हा नियम सर्वत्र मान्य आहे. नियम सोपा आहे. कठीण आहे ते त्याचे पहाटे तीन वाजता पालन.

या पालनासाठी येथील शेतकरी आजवर तीन साधने वापरीत आला. कोळशाची सिगडी व लाकडावर पेटणारी बुखारी हे पहिले साधन. आष्टीच्या परिसरात कपाशीच्या पऱ्हाट्या मुबलक असल्याने ते स्वस्त पडते, पण अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू बंद शेडमध्ये साचला तर पिले निजल्या जागी दगावतात, आणि राखणदार माणसाच्याही जिवावर बेतते. दुसरे साधन विजेच्या दिव्यांचे. अडीचशे वॅटचा तांबडा दिवा धूर करीत नाही, जागाही अडवीत नाही. परंतु ज्या रात्री गारठा अधिक त्याच रात्री दाब कमी होणे वा पुरवठा खंडित होणे हा अनुभव ग्रामीण भागाला नवा नाही, आणि तासाभराच्या अंधारात पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. तिसरे साधन गॅसचे, आणि माझ्या मते योग्य रीतीने वापरल्यास ते या तिन्हींत श्रेष्ठ आहे.

त्याची श्रेष्ठता कशात आहे, ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुष्कळांचा समज असा की गॅसचा हीटर म्हणजे हवा तापविणारी भट्टी. चिनीमातीच्या सच्छिद्र पट्टीवर गॅस जळू लागला म्हणजे ती पट्टी आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापून लालभडक होते आणि तिच्यातून अवरक्त किरण बाहेर पडतात. जर्मनीत ग्युंथर श्वांक यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेली ही युक्ती पुढे कारखान्यांतून गोठ्यांत व खुराड्यांत आली. हे किरण मधल्या हवेला फारसे न तापविता थेट पिलाच्या अंगावर आणि लिटरवर पडून तेथे उष्णतेचे रूप घेतात. पौषातल्या सकाळी हवा गार असतानाही ओसरीवरचे कोवळे ऊन अंगाला ऊब देते, तसाच हा प्रकार. यातून निष्पन्न होणारी गोष्ट अशी की, हवा तापविण्यासाठी शेड बंद करण्याचे कारणच उरत नाही, आणि ऊब व ताजी हवा यांच्यात शेतकऱ्याने जो विरोध कल्पिलेला असतो तो मुळातून नाहीसा होतो.

हा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण हिवाळ्यातील बहुतेक नुकसानीचे मूळ येथे आहे. थंडी पडली की शेडच्या दोन्ही बाजूंचे पडदे छतापर्यंत ओढून घट्ट बांधण्याची वहिवाट सर्वत्र दिसते. गॅस जळताना काय होते ते पाहा. द्रवरूप पेट्रोलियम वायूचा, म्हणजे आपल्या सिलिंडरमधील प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाचा, एक किलो पूर्णपणे जळला तर सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि त्यासाठी हवेतील साडेतीन किलोहून अधिक प्राणवायू खर्ची पडतो. पडदे बंद असले तर ही वाफ गार पत्र्याला लागून थेंबांच्या रूपाने लिटरवर उतरते. ओल्या लिटरमधील विष्ठेतून अमोनिया उसळतो, डोळे व श्वासनलिका पोळतात, ओलाव्यात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. आणि प्राणवायूच्या तुटवड्याने हृदयावर ताण पडून भराभर वाढणाऱ्या ब्रॉयलर पिलांच्या पोटात पाणी साचते. तो जलोदर पुढे चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रकट होतो, तेव्हा शेतकरी खाद्याला वा कंपनीला दोष देतो. पहिल्या आठवड्यातील त्या बंद पडद्याची आठवण कोणालाही राहिलेली नसते. म्हणून पडदा खालून वर ओढून छताखाली सहा इंच ते एक फूट फट कायम उघडी ठेवावी, वारा ज्या अंगाने येतो त्या बाजूचा पडदा अधिक चढवावा, आणि पिलांच्या पातळीवर झोत येणार नाही अशी काळजी घ्यावी. शेडमध्ये शिरताच आपल्या नाकाला अमोनिया जाणवला, तर पिलांच्या दृष्टीने हवा केव्हाच बिघडलेली आहे असे निश्चित समजावे.

तापमापक असावाच, तो महाग नाही. परंतु त्याहून प्रामाणिक साक्षीदार पिले स्वतः असतात. ब्रूडरखाली दाटीवाटीने गोळा होऊन ती चिवचिवत असली तर ऊब कमी पडते आहे. कडेच्या कुंपणाला जाऊन चोची उघड्या टाकून धापत असली तर ती जास्त आहे. एकाच बाजूला सरकून बसली असली तर दुसऱ्या अंगाने वारा लागतो आहे. आणि वर्तुळभर सारखी विखुरलेली, काही खाणारी, काही निजलेली अशी दिसली तर सर्व यथास्थित आहे. पिलू हातात घेऊन त्याचे पाय आपल्या गालाला लावून पाहावे. ते गार लागले तर खालचे लिटर थंड आहे. म्हणूनच पिले येण्यापूर्वी किमान बारा तास, आणि कडक थंडीत पुरते चोवीस तास आधी ब्रूडर पेटवून लिटर तापवून ठेवावे लागते. गार लिटरवर सोडलेल्या पिलाला वरून कितीही ऊब दिली तरी त्याची पहिली रात्र वाया जाते, आणि ती पुढे भरून निघत नाही.

आता जमाखर्चाकडे वळू. दर पिलामागे एक ते दोन वॅट उष्णता हा कुक्कुटपालकांचा जुना ठोकताळा आहे. कडक हिवाळ्याचा वरचा आकडा धरला तर हजार पिलांना दोन किलोवॅट, म्हणजे अखंड चोवीस तासांना अठ्ठेचाळीस युनिट उष्णता लागेल. एक किलो सिलिंडरच्या गॅसमध्ये पावणेतेरा युनिटच्या जवळपास उष्णता सामावलेली असल्याने, हेच काम दिवसाला पावणेचार किलो गॅसमध्ये होते आणि एकोणीस किलोचे व्यावसायिक सिलिंडर सुमारे पाच दिवस पुरते. आष्टीच्या दुपारी ब्रूडर मंद करता किंवा विझविताही येत असल्याने प्रत्यक्ष खर्च याहून कमी येतो. मात्र त्यासाठी तापमानानुसार ज्योत आपोआप लहानमोठी करणारा थर्मोस्टॅट हवा, आणि ज्योत विझली तर गॅस बंद करणारी सुरक्षा-झडप तर अनिवार्यच. मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने हा गॅस घरोघर दिला, तेव्हापासून तो स्वयंपाकघराचा सोबती म्हणून आपल्या मनात बसला आहे. त्यामुळे घरातले लाल सिलिंडर उचलून शेडमध्ये जोडण्याचा मोह होतो. ते सिलिंडर केवळ घरगुती वापरासाठी असून धंद्यासाठी त्याचा उपयोग करणे बेकायदेशीर आहे. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता पिलांच्याच पातळीवर, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर शेडबाहेर सावलीत उभे ठेवावे, आणि नळी उंदरांच्या दातांना दाद न देणारी, जाळीदार वेष्टनाची घ्यावी.

करार पद्धतीने ब्रॉयलर वाढविणाऱ्या शेतकऱ्यावर या खर्चाचा भार विशेष पडतो. पिले, खाद्य व औषधे कंपनी देते. शेड, मजुरी, लिटर आणि ऊब यांची तरतूद सामान्यतः त्याच्याकडे असते. मर वाढली तर मोबदला घटतो, आणि ती कमी ठेवण्यासाठी जाळलेला गॅस त्याच्याच खिशातून जातो. हिवाळी बॅचसाठी वाढत्या इंधनखर्चाचा विचार करारात व्हावा, ही मागणी मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

या ओझ्यावर एक उतारा गोठ्यातच आहे. कुजणाऱ्या मळातून ज्वलनशील वायू मिळविण्याचा आपल्या देशातील आद्य प्रयोगांपैकी एक १८९७ मध्ये मुंबईतील माटुंग्याच्या महारोगी आश्रमात झाला. पुढे जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या टाकीचा ‘ग्रामलक्ष्मी’ हा नमुना सिद्ध केला, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून त्याचा प्रसार केला. ज्या वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जेथे जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे दिवस गोसेवेला वाहिले, त्या जिल्ह्यात शेणाच्या गॅसने पिले वाढावीत यापरते उचित काय असणार?

पण भावनेच्या भरात हिशेब विसरता कामा नये. ताज्या शेणाच्या एका किलोपासून सुमारे चाळीस लिटर वायू निघतो, आणि साठ टक्के मिथेन असलेल्या एका घनमीटर वायूत सहा युनिटच्या आसपास उष्णता असते. हजार पिलांच्या अठ्ठेचाळीस युनिटसाठी आठ घनमीटर वायू, म्हणजे दोनशे किलो शेण लागेल. एका जनावराचे दिवसाचे दहा किलो धरले तर वीस जनावरे झाली. इतके गोधन असलेला शेतकरी आज विरळा. परंतु शंभर गावरान पिलांचा विचार केला तर हाच हिशेब दोन जनावरांवर येऊन ठेपतो, आणि तेथे आष्टीच्या छोट्या शेतकऱ्यासाठी वाट मोकळी होते. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. वायू निर्माण करणारे सूक्ष्मजीव तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान सुखाने काम करतात, पंधराच्या खाली सुस्तावतात आणि दहाच्या खाली जवळजवळ थांबतात. म्हणजे ज्या महिन्यात पिलांना ऊब सर्वाधिक हवी, त्याच महिन्यात टाकी सर्वांत कमी देते. म्हणून दोनाच्या जागी चार जनावरे धरून चालावे. टाकीच्या सभोवती व वर कुटाराचा वा पऱ्हाट्यांच्या भुग्याचा जाड थर द्यावा, शेण सकाळच्या गार पाण्यात न कालवता दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावे, आणि नवे बांधकाम करायचे असल्यास उघड्यावर गार पडणाऱ्या लोखंडी घुमटापेक्षा जमिनीखालची दीनबंधू पद्धतीची विटांची टाकी पसंत करावी, कारण तिला भूमीची ऊब मिळते. शेणाच्या वायूत उष्णता कमी आणि दाबही अल्प असल्याने सिलिंडरचा बर्नर त्यावर चालत नाही. मोठ्या छिद्राचा जेट लावावा लागतो. त्यातील हायड्रोजन सल्फाइड पितळ व लोखंड खातो, तेव्हा वायू लोखंडी किसाच्या डब्यातून गाळून घ्यावा. ज्योत निळी असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसताच ब्रूडर बंद करून जेट साफ करावा.

राहता राहिला गुरांचा कोठा. थंड देशांत डुकरिणीच्या पिलांसाठी कोपऱ्यापुरती तीस अंशांहून अधिक ऊब ठेवून आईला मात्र गारव्यात राहू देतात, आणि वीतभर जागा तापविण्याचा तो विवेक अनुकरणीय आहे. तथापि आपल्या कोठ्यात कडबा, कुटार आणि लाकडी मेढी एकाच छपराखाली असतात. तेथे उघड्या ज्योतीचे कोणतेही साधन टांगणे मला मान्य नाही. पौषात जन्मलेल्या बेरारी शेळीच्या करडाला गोणपाटाची झूल, वाऱ्याकडच्या अंगाला तट्ट्याचा आडोसा आणि वेळेवर चीक द्यावा. त्याच्या फुप्फुसांचे रक्षण याने होते, आगीचा धोका पत्करून नव्हे.

डिसेंबरात पिलांची पहिली बॅच घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे आहे की, मागणी नोंदविण्याआधी एक रात्र ब्रूडर रिकाम्या शेडमध्ये पेटवावा, वरची फट उघडी ठेवावी, लिटरपासून दोन इंचांवर तापमापक टांगावा आणि पहाटे चार वाजता त्यातला आकडा पाहावा. तो ३३ अंशांच्या खाली उतरला असेल, तर ब्रूडर वाढवावा किंवा पिले कमी मागवावीत. पडदा मात्र बंद करू नये.